झेंडूच्या माळेमागची नळी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सावळीराम निरभवणे व्हरांड्यात शिडीवर उभे राहून भिंतीला भोक पाडत होते. जागा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली, औषधांची तपासणी करणारी एक प्रयोगशाळा. ती साडेआठला उघडते. त्याआधी ड्रिलची धूळ पुसून व्हायला हवी म्हणून ते लवकर आले होते. समोर एक्झॉस्ट पंख्याचं कंट्रोल पॅनेल आणि त्याच्या डावीकडे दोन हात सोडून हे भोक. त्यात स्टीलचा एक हुक बसणार होता. पंखा चालवायला या हुकाची काही गरज नाही. तो झेंडूच्या माळेसाठी होता.

निरभवणे चोपन्न वर्षांचे आहेत. सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाले, बरीच वर्षं कारखान्यांतून पॅनेल जोडत फिरले, आणि आता एका लहान ठेकेदाराकडे प्रयोगशाळांचे एक्झॉस्ट पंखे बसवण्याचं आणि सांभाळण्याचं काम करतात. सिडकोत दोन खोल्यांचं घर आहे. पत्नी चांगुणा अंगणवाडीत सेविका आहेत, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे आणि त्याखाली मुलीच्या शाळेतल्या ढाली. निरभवणे मोजकं बोलतात. त्यांच्याबरोबर काम केलेले लोक त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगतात: हा माणूस नळी किंवा वायर तपासताना नुसती बघत नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवतो.

एका नळीवरून मात्र त्यांनी बोट फिरवलं नाही.

या प्रयोगशाळेत पुढे काच असलेली सहा मोठी कपाटं आहेत. आम्ल, सॉल्व्हंट, जे काही उग्र असेल त्याचं काम या कपाटांत हात घालून करायचं. या कपाटांना हूड म्हणतात. सहाही हूडमधली हवा एका जाड पत्र्याच्या नळीतून गच्चीवर जाते आणि तिथला पंखा ती वर फेकतो. जास्त काचा उघडल्या की पंख्याने वेग वाढवायचा, मिटल्या की कमी करायचा. हे त्याला कळावं म्हणून पत्र्याच्या नळीपासून पॅनेलपर्यंत करंगळीएवढी एक मऊ रबरी नळी येते. आत किती ओढ आहे ते तिच्यातून मोजलं जातं. आकडा दोनशे चाळीसच्या आसपास राहायला हवा. खूप खाली गेला तर भोंगा वाजतो.

ही सगळी यंत्रणा निरभवणे यांनीच बसवली. गच्चीवर पंख्याचा पाया ओतला तेव्हा ते होते, वायर ओढली तेव्हा होते, पहिल्यांदा पंखा फिरला तेव्हा बटणावर बोट त्यांचंच होतं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी ते येतात. पट्टा बघतात, बेअरिंगला ग्रीस भरतात, धुराड्याच्या तोंडाशी कबुतरांनी रचलेल्या काड्या काढतात. गच्चीवरून त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर समोर दिसतो. काम संपलं की तिथेच डबा खातात.

प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं काम लंकाबाई सांगळे करायच्या. त्या मूळच्या सिन्नरकडच्या, मुलाच्या नोकरीमुळे पाथर्डी फाट्याला राहायला आलेल्या. केमिस्टांची कामं झाली की उरलेलं आम्ल आणि सॉल्व्हंट लागलेली भांडी सहाव्या हूडमध्ये यायची आणि लंकाबाई ती धुवायच्या. दिवसातले पाच-सहा तास त्या हूडच्या काचेशी असायच्या. पंख्याला त्या 'आपला पंखा' म्हणत. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते तेव्हा बाकीच्या यंत्रांना कोण हार घालतं याची त्यांना पर्वा नसे, पंख्याची माळ मात्र त्याच करून आणत. आदल्या संध्याकाळी फुलं, रात्री ओवण, सकाळी पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून.

निरभवणे यांनी ती पूजा कधी पाहिलेली नाही. दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जातात आणि त्याच्या आदल्या दिवसापासून सुट्टी घेतात. परत आले की पॅनेलवर कुंकवाची बोटं आणि वर टेपने चिकटवलेली माळ दिसायची. कुंकू ते ओल्या फडक्याने हलकेच पुसत. माळेला हात लावत नसत. ती पुढे महिनोन्महिने सुकत राहायची, कारखान्यांत सगळीकडे राहते तशीच.

हात न लावण्याला कारण होतं. वीसेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात पॅनेल उघडायचं म्हणून त्यांनी त्यावरची माळ काढून बाजूला ठेवली होती. तिथला सुपरवायझर चार लोकांसमोर म्हणाला, "निरभवणे, तुमच्यात नसेल, पण आमच्यात माळ अशी ओढून काढत नाहीत." तेवढंच. भांडण झालं नाही, कामही गेलं नाही. पण आठवडाभर कॅन्टीनमध्ये ते जवळ आले की कोणीतरी म्हणायचं, "फुलं सांभाळा रे." तेव्हापासून त्यांनी कुठल्याही यंत्रावरच्या माळेला बोट लावलेलं नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात जुनं पॅनेल बदललं. नवं पॅनेल गुळगुळीत, कडाही गोल, टेप धरत नाही असं. त्याच कामात निरभवणे यांनी रबरी नळी नव्या मार्गाने, पॅनेलच्या वरून आडवी नेली. तिच्यावर पत्र्याचं झाकण बसवायचं होतं. पत्रा त्या दिवशी आला नाही आणि नंतर राहून गेला. भिंतीवर दोन क्लिपांमध्ये ताणलेली ती नळी दोरीसारखी दिसत होती, आणि लंकाबाईंना माळ बांधायला जागा हवी होती.

खंडेनवमीला बाकीची यंत्रं पूजेसाठी बंद करतात. हा पंखा बंद करत नाहीत, कारण हूडमध्ये कायम काहीतरी उकळत असतं. लंकाबाईंनी माळ बांधली तेव्हा पंखा चालू होता. सगळे पूजेला बाहेर आल्यामुळे सहाही काचा मिटलेल्या होत्या, त्यामुळे ओढ नेमापेक्षा किंचित जास्त होती. माळ जड होती. दोऱ्याला दोन गाठी मारल्या. नळी चिमटली आणि त्या क्षणी आत जी ओढ होती ती तशीच कोंडली. पॅनेलवर आकडा राहिला दोनशे त्रेचाळीस.

पंख्याला वाटलं ओढ जास्त होतेय. त्याने वेग कमी केला. आकडा हलला नाही. आणखी कमी केला. शेवटी ज्याच्याखाली जाता येत नाही अशा वेगावर येऊन तो थांबला आणि तसाच फिरत राहिला. भोंगाही त्याच नळीवर अवलंबून होता, म्हणून तो वाजला नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख वेदिका देवरे यांनी तर सुट्टीवरून परतलेल्या निरभवणे यांचे फोनवर आभार मानले. "पंख्याचा आवाज एकदम कमी केलात. केमिस्ट मुलांना बोलणं ऐकू येतंय आता." निरभवणे यांनी आवाजाचं काहीच केलं नव्हतं. नव्या पॅनेलमुळे असेल असं त्यांनी मानलं.

नोव्हेंबरात दुसऱ्या एका कामासाठी ते तिथे गेले होते. व्हरांड्यात लंकाबाई भेटल्या. डोळे लाल होते.

"भाऊ, नाकात लय झोंबतंय. तुमचा पंखा ओढतो का नाय?"

निरभवणे यांनी पॅनेलकडे पाहिलं. दोनशे त्रेचाळीस. "रीडिंग बरोबर आहे, बाई. थंडी पडलीय. सर्दी असेल."

पंधरा दिवसांनी पुन्हा हेच झालं. पुन्हा दोनशे त्रेचाळीस. एरवी हा आकडा सतत दोन-चारने वरखाली होत असतो, कारण कोणी ना कोणी काच उघडत असतंच. पंधरा दिवसांच्या अंतराने तोच आकडा दिसला तेव्हा त्यांना काहीतरी खटकलं. नळीवरून बोट फिरवावं म्हणून त्यांनी हात वर नेला. नळीवर माळ होती, तपकिरी पडलेली, दाट. त्यांनी हात खाली घेतला. या घटनेविषयी सांगताना ते हे वाक्य बोलून थांबले.

डिसेंबरच्या नेहमीच्या तपासणीत वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र सहाव्या हूडच्या तोंडाशी धरलं आणि काटा जेमतेम हलला. मग मात्र त्यांनी माळ उचलली. दोरा कापला. काही सेकंदांत गच्चीवर पंखा गरजला आणि पॅनेलवरचा आकडा पुन्हा हलू लागला. वेदिका देवरे धावत बाहेर आल्या.

"काय झालं होतं?"

"नळी दबली होती."

"कशाने?"

"जुनी झाली होती. मऊ पडली होती."

ते खोटं होतं. नळी सहा महिन्यांचीही नव्हती. लंकाबाई तिथेच, हातमोजे घालून उभ्या होत्या. माळ कोणी बांधली होती हे त्यांच्यासमोर सांगायचं नव्हतं, असं निरभवणे म्हणतात. आणि माळ आपण आधी का उचलली नाही, हे कोणासमोरच सांगायचं नव्हतं, हेही ते म्हणतात.

लंकाबाईंचं झोंबणं महिनाभरात थांबलं. पण त्याबरोबर वास येणंही बंद झालं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की येईल कदाचित, वेळ लागेल, खात्री देता येत नाही. प्रयोगशाळेने उपचारांचं बघितलं आणि त्यांना भांड्यांवरून हलवून झाडूपोछाला घेतलं. दहा महिने झाले. दूध उतू जाऊन करपतं आणि सून ओरडते तेव्हा त्यांना कळतं. चाळीत साठवलेला कांदा नासायला लागला की सिन्नरला भावाच्या घरी पहिल्यांदा त्यांना कळायचं, आता त्या चाळीत उभ्या राहून भावाला विचारतात. या सगळ्याचं त्या फार बोलत नाहीत. सर्दी मुरली, एवढंच सांगतात. नळी जुनी झाली होती, हे त्यांनीही ऐकलं होतं.

चांगुणाबाई नवऱ्याला हे दहा महिने एकच सांगत होत्या. "सांगून टाका. पुन्हा दसरा येईल तेव्हा ती बाई पुन्हा तिथंच बांधील."

म्हणून हा हुक. झाकण तर डिसेंबरातच बसलं होतं, पण झाकणाच्या दोन्ही टोकांना नळी अजून वीतभर उघडी आहे, आणि लंकाबाईंच्या गाठीवर निरभवणे यांचा भरवसा उरलेला नाही. हुक लावला, माळ इकडे बांधा म्हटलं, की काम झालं. बाकी काही बोलावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

ते हुक फिरवून घट्ट करत होते तेव्हा लंकाबाई बादली घेऊन आल्या.

"हे काय, निरभवणे भाऊ? कपडे वाळत घालायचे का इथं?"

"माळेसाठी. उद्या माळ इथं लावा."

"इथं? पूजा पंख्याची का भिंतीची?"

"पंख्याचीच. पण माळ इथं."

"का म्हून?"

निरभवणे शिडीवरून उतरले. ड्रिलची वायर गुंडाळू लागले. लंकाबाई हलल्या नाहीत.

"मागच्या वर्षी तुम्ही नळीला बांधली होती," ते म्हणाले.

"मंग कुठं बांधणार? तुमचा नवा डबा चोपडा नुसता. माशी बसली तर घसरंल."

"दोरा घट्ट बसला. नळी दबली. त्यामुळे पंख्याला कळेना किती ओढायचं."

लंकाबाईंनी बादली खाली ठेवली.

"नळी जुनी झाली व्हती ना?"

"नव्हती."

"म्हंजे ते झोंबत व्हतं, ते माळेनं?"

"नळी मी उघडी सोडली होती. झाकण राहिलं होतं माझ्याकडून."

"ते झालं. माळ मी बांधली व्हती ना?"

"हो."

लंकाबाईंनी पदर नाकाला लावला आणि काढला. मग पॅनेलकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही दोनदा आला व्हता. इथंच उभं ऱ्हाऊन मी सांगितलं व्हतं. माळ उचलून का नाय बघितली?"

या प्रश्नाचं उत्तर निरभवणे यांच्याकडे दहा महिने तयार होतं. "तुमच्या पूजेची माळ. मी कसा हात लावू?"

"तुम्हाला कोण नको म्हणालं?"

मग निरभवणे यांनी त्या जुन्या कारखान्यातलं सांगितलं. दोन वाक्यांत.

"तो मेला म्हंजे मी व्हते का?" लंकाबाई म्हणाल्या. "मी कधी काय म्हणाले तुम्हाला? डबा उघडला की आधी तुमच्या हातावर भाकर ठेवते."

"नाही म्हणालात कधी."

"मंग त्याचा राग माझ्यावर कशाला?"

"राग नव्हता, बाई."

"मंग काय व्हतं?"

निरभवणे यांनी वायरचं वेटोळं खांद्यावर टाकलं. "सवय," ते म्हणाले.

लंकाबाई पॅनेलकडे बघत राहिल्या. आत प्रयोगशाळेत कोणीतरी दिवे लावले. पॅनेलवर आकडा दोनशे अडतीस झाला, मग एक्केचाळीस.

"फुलंच ती," त्या शेवटी म्हणाल्या. "सुकलेली. मी दिवाळीलाच काढून टाकणार व्हते. हात लावला व्हता काढायला. मंग म्हटलं ऱ्हाऊ दे, व्हरांड्यात तेवढीच शोभा." त्यांनी बादली उचलली आणि परत ठेवली. "काल पंचवटीत घरच्या घटाला फुलं घेतली. शेवंती हाय का झेंडू, डोळ्यानं बघून घेतली. फुलवाल्याला विचारलं, ताजी हायत ना. तो म्हणतो, मावशी, वास घेऊन बघा."

निरभवणे यांनी वायरचं वेटोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मॅडमला सांगितलं?"

"नाही."

"सांगा. माझं नाव घ्या खुशाल."

"तुमचं नाव कशाला घेऊ? चूक—"

"घ्या म्हणते ना. नाय तर पुन्हा कोण दुसरी बांधील, तिला कोण सांगणार? तुम्ही तर कुणाला काय बोलत नाय."

वेदिका देवरे पावणेनऊला आल्या. निरभवणे त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. देवरे यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, धीरही दिला नाही. विचारलं ते एवढंच: "डिसेंबरात का नाही सांगितलंत? मी डॉक्टरांना सांगितलं होतं की थोडेच दिवस गेले असतील. ते दोन महिने होते." मग पूर्ण नळी लोखंडी पाइपातून न्यायचं ठरलं आणि दर आठवड्याला सहाही हूडच्या तोंडाशी वाऱ्याचा वेग हातानेच मोजायचं ठरलं. आकडा हलत नसेल तरी भोंगा वाजेल अशी सोय पॅनेलमध्ये करता येते का, असं त्यांनी विचारलं. निरभवणे म्हणाले, येते. पहिल्याच दिवशी करता आली असती, हेही म्हणाले.

दुपारी ते गच्चीवर डबा खाऊन खाली उतरले तेव्हा लंकाबाई जिन्यात पुसत होत्या. ओल्या पायरीवर पाय पडू नये म्हणून निरभवणे थांबले.

"उद्या असता का?" लंकाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"उद्या सुट्टी असते माझी. नागपूरला जातो."

"ते ठाव हाय. अकरा वर्षं बघते. गाडी कितीची?"

"संध्याकाळची."

"मंग सकाळी काय करता?"

"बॅग भरतो."

"बॅग भराया सकाळ लागती? लगीन हाय का?"

निरभवणे हसले नाहीत, पण खाली बघितलं.

"उद्या येऊन उभे ऱ्हा," लंकाबाई म्हणाल्या. "हात जोडू नका. नारळ फोडू नका. कुंकू लावून घेऊ नका. मी माळ लावीन तेव्हा नुसतं बघा, कुठं दाबतंय का. तेवढं तर तुमच्यात चालतं ना?"

"चालतं."

"मंग."

निरभवणे यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पायरी वाळल्यावर उतरून गेले. जाता जाता व्हरांड्यात थांबले, झाकणाच्या डाव्या टोकापाशी उघड्या राहिलेल्या नळीवरून बोट फिरवलं, मग उजव्या टोकापाशी.

उद्या खंडेनवमी आहे. प्रयोगशाळा नेहमीसारखी साडेआठला उघडेल. पंखा बंद होणार नाही. पूजा साडेनऊला आहे आणि नागपूरची गाडी नाशिकरोडहून सुटते संध्याकाळी.